टाकीचं झाकण

चार मिनिटं झाली आणि मशीन पुन्हा बंद पडलं.

धाकट्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. दोरी ओढली की झाडं कापायचं ते चेनसॉ लगेच सुरू व्हायचं, अगदी गुणी लेकरासारखं चालायचं, आणि बरोबर चार मिनिटांनी त्याचा आवाज बारीक होत होत थांबायचा. खोकणं नाही, धूर नाही. बोलता बोलता एखाद्यानं गप्प व्हावं तसं.

"झकास!" शेजारचा सायकलवाला दारातून ओरडला. धाकट्यांशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं. "केवढं जुनं मशीन, पण पहिल्या हाकेला ओ देतंय. तुम्ही तर तिसऱ्या हाकेलाही देत नाही!"

"तुझं काम कर," धाकटे म्हणाले.

"काय बिघडलंय त्याचं?"

"काही नाही बिघडलेलं. तेच तर."

धाकटे आता त्रेसष्टचे होते. या वयात कुणाला धाकटे म्हणणं म्हणजे थट्टाच. पण एके काळी थोरले आणि धाकटे ही भावांची जोडी पंचक्रोशीत झाडं उतरवायची आणि नावं तेव्हाच चिकटली. थोरले गेले त्याला एकवीस वर्षं झाली. जाताना ते सत्तेचाळीसचे होते, म्हणजे धाकटे आज आपल्या थोरल्या भावापेक्षा सोळा वर्षांनी मोठे होते. हा हिशेब त्यांना मुळीच आवडत नसे. त्या दिवसानंतर त्यांनी एकाही झाडाला हात लावला नाही. पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, गवत कापायची मशिनं दुरुस्त करून पोट भरलं. इंजिनांच्या आवाजानं कान गेले, तरी त्यांचं फार अडलं नाही. इंजिनाला काय झालंय हे ते तळहात टेकवून ओळखायचे.

आणि परवा वहिनी हे मशीन घेऊन आल्या.

थोरल्यांच्या चौकडीच्या शर्टात गुंडाळलेलं, बाजारच्या पिशवीत घातलेलं, लांब पातं पिशवीतून हातभर बाहेर.

"भाऊजी, हे चालू करून द्या."

"काय करायचंय त्याचं?"

"मागचं झाड काढायचंय. परवाच्या वाऱ्यात बुंधा उभा चिरलाय. पायवाटेवर कललंय. शाळेत जाणारी सगळी पोरं त्याच्या खालून जातात."

"माझ्या ओळखीचे आहेत ना झाडं तोडणारे. पाठवतो."

"विचारलं मी. पंधरा दिवस वेळ नाही म्हणतात. तोवर ते झाड थांबणार आहे का?"

"वहिनी, मी ते काम सोडलंय. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. त्यांचं हे पूर्वीपासूनचंच. भांडण नको असलं की त्या सरळ उठून जायच्या, आणि मग आपल्यालाच हरल्यासारखं वाटायचं.

एकवीस वर्षं पडून राहिलेलं इंजिन जाम झालेलं असणार, अशी धाकट्यांची खात्री होती. खरं सांगायचं तर आशाच होती. तसं असतं तर हात वर करता आले असते. पण प्लग काढून दोरी हलकेच ओढली, तर आतला पिस्टन लोण्यातून सरकावा तसा सरकला. टाकी कोरडी आणि स्वच्छ होती. प्लगच्या भोकातून ताज्या तेलाचा वास आला. कोणीतरी या मशीनची निगा राखली होती. आणि त्या घरात वहिनींशिवाय कोणी राहत नव्हतं.

मग कामाला लागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तडकली होती, ती बदलली. कार्बोरेटर उघडला, त्यातला पातळ पडदा वाळक्या पानासारखा झाला होता, तो नवा घातला. जाळी धुतली. मग पातं सोडवून त्याच्या खाचेतली घाण खरवडायला बसले. खाचेतून तेलात थिजलेला काळपट भुसा निघाला. तो कुठल्या झाडाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्या दिवसानंतर या मशीननं दुसरं झाड कापलंच नव्हतं. त्यांनी तो भुसा कागदावर गोळा केला. फेकवेना, म्हणून पुडी बांधून खणात ठेवली.

मग साखळीला धार लावायला घेतली. प्रत्येक दाताला गोल कानस तीनदा, एकाच दिशेनं, ही थोरल्यांची शिस्त. पण थोरल्यांचा हात डाव्या बाजूला जड पडायचा. डावीकडचे सगळे दात उजवीकडच्यांपेक्षा केसभर आखूड होते. एकवीस वर्षांनी भावाचा हात असा हातात आला. धाकट्यांनी कानस त्याच खाचेत पुन्हा टेकवली.

आणि आता हे चार मिनिटांचं दुखणं.

हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं. थोरल्यांच्या हातातही हे मशीन असंच चार मिनिटांनी बंद पडायचं. पडलं की थोरले मान वर करायचे, एक बोट उभं धरायचे आणि म्हणायचे, "ऐक." धाकटे समोर पाचर घेऊन उभे असायचे. दोघंही स्तब्ध. झाड पडण्याआधी आतून बोलतं; बारीक कडकड होते, कधी नुसती कुरकुर. काही ऐकू आलं की धाकटे मागे व्हायचे, थोरलेही व्हायचे. नाही आलं, तर थोरले टाकीचं झाकण सैल करायचे, फुस्स आवाज यायचा, झाकण घट्ट करून पुन्हा दोरी ओढायची. टाकीत हवा जायला झाकणात एक भोक असतं, ते बुजलं की इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं, दोष एवढासा. पण मेकॅनिक म्हणवणाऱ्या धाकट्यांना त्याची भारी लाज वाटायची. दुरुस्त करतो म्हटलं की थोरले म्हणायचे, "चालतंय ते चालू दे. हात लावायचा नाही."

आणि त्या दिवशी सकाळी, थोरले अंघोळीला गेलेले असताना, धाकट्यांनी हात लावला. जुनं झाकण काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि नवं बसवलं. भावाला चकित करायचं होतं, दुसरं काही नाही. झाडापाशी मशीन सुरू झालं. चार मिनिटं झाली, पाच झाली, सहा. मशीन थांबेना. थोरल्यांनी कापता कापता एकदा मान वर करून धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे हसले. कसं चालतंय बघ, असं ते हसणं होतं. थोरल्यांनी पुन्हा मान खाली घातली. पुढच्या मिनिटाला बुंधा उभा फाटला आणि त्याचं फाटलेलं अंग मागे, थोरल्यांवर उसळलं.

हे धाकट्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला तेव्हा झाकण तिथे नव्हतं. पडलं असेल कुठेतरी, असं त्यांनी मनाला सांगितलं. सहा महिन्यांत घर सोडून ते दुकानामागच्या खोलीत राहायला आले.

तेव्हा झाकणाचा दोष असणंच शक्य नव्हतं. झाकण नवं होतं, त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं. दोन दिवस त्यांनी सगळं मशीन पालथं घातलं, पण पेट्रोल भरतानाही झाकणाकडे ढुंकून पाहिलं नाही. स्वतः बसवलेला भाग कारागीर पुन्हा तपासत नाही, आणि हा भाग तर त्यांना बघायचाच नव्हता.

चौथ्या खेपेलाही मशीन थांबलं तेव्हा मात्र त्यांनी फडकं घेतलं आणि झाकण पुसलं. तेलाचा थर निघाला. खाली खिळ्यानं ओढलेली फुली होती.

ती फुली थोरल्यांनी ओढलेली. हे जुनं झाकण होतं.

धाकट्यांनी मागे वळून पाहिलं. सायकलवाला जेवायला गेला होता, दुकानात कोणी नव्हतं. घड्याळाचा लंबक हलत होता, पण त्यांना टिकटिक ऐकू येत नव्हती. ती कित्येक वर्षांत आली नव्हती. मशीनवर तळहात टेकवला, तर ते अजून गरम होतं. हरवलेली वस्तू एकवीस वर्षांनी आपल्या जागेवर घट्ट बसलेली होती आणि आपलं काम चोख करत होती.

त्यांनी भिंग आणलं. भोकात घाण साचली असेल असं त्यांना कायम वाटत आलं होतं. घाण नव्हती. नीट तासलेली एक बारीक काडी आतल्या बाजूनं ठोकून बसवली होती. टाचणीनं ती क्षणात निघाली असती. धाकट्यांनी टाचणी घेतली, भोकाला लावली आणि तशीच पुन्हा ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी, पोरं शाळेत बसल्यावर, ते मशीन पुन्हा त्याच शर्टात गुंडाळून वहिनींच्या मागच्या दारी गेले. पायवाटेच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली. झाड खरोखरच वाईट अवस्थेत होतं. बुंध्यातली चीर बोट जाईल एवढी झाली होती.

"मी फाटकातून तीनदा हाक मारली," वहिनी जवळ येऊन मोठ्यानं म्हणाल्या. "तुम्हालाही येत नाही आता ऐकू."

"वहिनी, मला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी सकाळी मी..."

"तुमचा शर्ट मीच धुतला होता, भाऊजी."

धाकट्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते वहिनींच्या ओठांकडे बघत राहिले.

"झाकण खिशात होतं. मी ओळखलं. नवं काढून फेकलं आणि हे बसवलं."

"एकवीस वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," वहिनी म्हणाल्या. "आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार होते? ती काडी त्यांनी माझ्यासमोर बसून तासली. स्वयंपाकघरात. त्यांना ऐकू येत नव्हतं, भाऊजी. शेवटची तीन वर्षं जवळजवळ काहीच नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

"पण ते तर मला म्हणायचे, ऐक..."

"तुम्हालाच म्हणायचे. म्हणाले होते, हातात मशीन असलं की मला भान राहत नाही, तेच थांबलं की मी मान वर करीन. झाड धाकट्याला ऐकू येतं. मला त्याचं तोंड दिसलं की पुरे." वहिनींचा आवाज फुटला. "मी शपथ मोडली असती तर तुम्ही झाकणाला हात लावला नसता. मग तुम्हाला काय बोलू?"

थोरल्यांनी त्या दिवशी मान वर करून पाहिलं होतं. त्यांना समोर हसरं तोंड दिसलं होतं. धाकटे मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनी त्यांच्यापाशी उभ्या राहिल्या, गप्प बसा म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळानं धाकटे बाहीनं तोंड पुसून उठले. बुंधा पुन्हा उभा फाटू नये म्हणून चिरेच्या वर दोराचे चार वेढे घट्ट आवळले. वहिनी कुंपणाजवळ, झाडाच्या आवाक्याबाहेर, पण समोर दिसेल अशा जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोणी त्यांना तिथे उभं राहायला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं. धाकट्यांनी पायवाटेच्या बाजूनं खाच घेतली, मग मागच्या बाजूनं पातं घातलं. पांढरा भुसा बुटांवर पडू लागला. साखळी किंचित डावीकडे ओढत होती. दातांतला तो केसभराचा फरक त्यांनी कानसून काढला नव्हता. हाताला सगळं आठवत होतं. भान कधी सुटलं ते त्यांना कळलंही नाही.

मग हातातली थरथर बारीक होत गेली आणि थांबली. चार मिनिटं.

सगळं शांत झालं. पण त्यांच्यासाठी ही शांतता कायमचीच होती; तिच्यात झाड बोलत होतं की नाही, त्यांना कळायला मार्ग नव्हता. मानेवर कोणाचा तरी श्वास लागल्यासारखं वाटलं. त्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी मान किंचित कलती केली होती. एक बोट उभं होतं. आणि बघता बघता त्यांचे डोळे मोठे झाले.

धाकटे मशीन घेऊन तिरके मागे झाले. दोन पावलं, तीन, चार. पाचव्या पावलाला जमीन हादरली.

धूळ बसायला वेळ लागला. झाड पायवाटेवर आडवं पडलं होतं. ते मघाशी उभे होते तिथे, बुंध्याची एक लांब चिरफळी जमिनीत वीतभर रुतली होती. धाकट्यांनी मशीन कापलेल्या खुंटावर ठेवलं आणि टाकीचं झाकण सैल केलं. आवाज आला असेल, त्यांना आला नाही. अंगठ्याला नुसती थंड हवा लागली. त्यांनी झाकण पुन्हा घट्ट केलं.

"महिन्यातून एकदा दोरी ओढायचे मी," वहिनी म्हणाल्या. "दोन थेंब तेल टाकून. त्यांनी सांगितलं होतं तसं. आता हात दुखतो माझा."

"येत जाईन मी," धाकटे म्हणाले.

वहिनींनी चौकडीचा शर्ट पुढे केला. धाकट्यांनी पातं पुसलं, मशीन शर्टात गुंडाळलं आणि पुढची दोन बटणं लावली.