दोन बोटांचा दाब

ती टोपी — ब्रेकच्या केबलवरच्या काळ्या नळीच्या टोकाला बसवतात ती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पत्र्याची, एका कडेला किंचित चेपलेली — त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि दुकानाच्या पायरीवर उभा असताना खिशाच्या बाहेरूनच तिच्यावर बोट फिरवण्याची जी सवय त्याला गेल्या सहा आठवड्यांत जडली होती ती याही क्षणी त्याला आवरता आली नाही.

आत सायकल दुरुस्तीचे चार स्टँड एका रांगेत मांडले होते. चारही रिकामे. रिकामी वस्तू पाहिली की त्याचे मन अस्वस्थ होई. हा त्याच्या धंद्याचा परिणाम होता. वजनकाटे दुरुस्त करणे, तपासणे आणि त्यांवर ‘तपासले’ अशी तांबडी चिठ्ठी डकवणे हे काम तो बावीस वर्षे करीत आला होता, आणि त्या कामातला पहिला नियम, थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्याच्या कानात घातलेला, असा होता की काटा रिकामा असताना कितीही शहाण्यासारखा वागला तरी त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. पुरा भार ठेवायचा आणि मगच बोलायचे. बावीस वर्षांत भाराशिवाय त्याने एकही चिठ्ठी डकवली नव्हती. एकही नाही. कारखान्यात तरी नाही...

“या दादा,” सायकलवाली बाई एका चाकाच्या तारा ताणता ताणता म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चष्मा मात्र लख्ख पुसलेला होता. “पंक्चर, की नुसतीच विचारपूस?”

“घरी सायकल दुरुस्त करायला स्टँड हवा होता. परवडेल असा.”

“परवडेल असा म्हणणारे दोन जातीचे असतात. एकाला सगळ्यांत स्वस्त हवा असतो, आणि दुसऱ्याला महागडा घ्यायचाच असतो, फक्त कुणीतरी ‘घ्या’ म्हणायला हवं असतं. तुम्ही कुठले?”

तो ओशाळून हसला. वस्तुतः तो या दोहोंतला कुठलाच नव्हता. उद्या सकाळी मेव्हणी येणार होती आणि सायकल कायमची घेऊन जाणार होती. ज्या घरात उद्यापासून सायकलच राहणार नाही त्या घरासाठी आज स्टँड विकत घेणाऱ्या माणसाची जात कोणती, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

“अहो, ती यायच्या आत दोन्ही चाकांत हवा भरून ठेवा,” बायको सकाळी म्हणाली होती. उजव्या हाताने ती वेणी घालीत होती. प्लास्टर निघून आठ दिवस झाले होते, तरी मनगट वळवताना अजून तिचा खालचा ओठ दाताखाली जाई.

“अजून एकदा विचार कर ना.”

“केला की. सायकलीत काही खोट नाहीये. खोट माझ्यातच आहे. ब्रेक चांगला होता, तुम्ही त्याच सकाळी लावून दिला होतात. मीच कुठल्या तंद्रीत होते कोण जाणे... दाबलाच नसेल वेळेवर.” आणि मग वेणीचे टोक बांधता बांधता, जणू भाजी काय आणायची ते सांगावे तितक्या सहज, “मालकीणबाईंनाही सांगून टाकलं काल. म्हटलं, मला आता कापडाच्या टेबलावर नको, काजं-बटणं देत जा. कात्रीच्या कामाला लक्ष लागतं हो. माझं राहत नाही.”

नऊ वर्षे ती शिवणकारखान्यात कापड बेतत होती. एकावर एक वीस पदर ठेवून कात्री चालवावी आणि विसावा पदर पहिल्यासारखाच उतरावा, असा तिचा हात. त्या हाताने ती आता काजे करणार होती. आणि तो समोर बसून बशीतला चहा फुंकत होता.

मी तेव्हाच बोलायला हवे होते, त्याच्या मनात आले. वाक्य तयार होते, सहा आठवडे तयारच होते. दर सकाळी मी ते घासून पुसून घेतो आणि दर संध्याकाळी जसेच्या तसे परत ठेवतो...

“हा बघा,” बाईने पहिला स्टँड पायाने पुढे सरकवला. दोन वाकवलेल्या सळया आणि चार रबरी बोंडे, बस्स. “सगळ्यांत स्वस्त. मागचं चाक तेवढं उचलतो. साखळीला तेल द्यायला उत्तम.”

“पुढचं चाक?”

“ते जमिनीवरच. पुढच्याशी काय वैर आहे?”

पुढच्याशी! त्याने मान फिरवली. पुढचे चाक, पुढचा ब्रेक... मागच्या ब्रेकचे रबर झिजले होते आणि ते बदलणे आज-उद्यावर पडले होते, म्हणून तिची सगळी भिस्त पुढच्या ब्रेकवर होती. पाण्याच्या टाकीपासून खाली येणारा तो उतार, उताराच्या तळाशी दगडी कठडा, आणि सकाळी आठची वेळ. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तिला आधी दवाखान्यात नेले, मग सायकल ढकलीत घरी आणली आणि त्याच्या हाती देताना म्हणाले, “वहिनी सुखरूप आहेत, मनगटावर निभावलं. सायकलीला तर ओरखडाही नाही, बघा.” मास्तर जिना चढून जाताच त्याने ब्रेकची लिव्हर दाबली होती. ती लोण्यात बोट जावे तशी थेट हँडलला जाऊन टेकली होती.

आणि त्यानंतर त्याने जे केले! दवाखान्यात जाण्यासाठी पायांत चपला घातलेल्या असताना, त्याच चपलांनिशी तो खाली बसला, पाना घेतला, केबल आवळली, ती चेपलेली टोपी काढून डब्यातली नवी टोपी बसवली. दहा मिनिटे. ती तिकडे बाकावर हात धरून बसलेली असताना दहा मिनिटे. का केले ते त्याला आजही धडपणे सांगता आले नसते. हातांनी केले असे म्हणावे तर हात कुणाचे? चौथ्या दिवशी बायकोने गळ्यात झोळी अडकवलेल्या स्थितीत डाव्या हाताने सायकलीची लिव्हर दाबून पाहिली, ती घट्ट लागली, आणि ती हळूच म्हणाली, “म्हणजे ब्रेक ठीकच होता.” त्या दिवसापासून दोष तिच्या अंगाला चिकटला.

“भिंतीत ठोकायचा घेता? जागा वाचते.”

“भाड्याची खोली आहे. भिंतीला खिळा मारला तर पोपडा आधी येतो आणि घरमालक मागून.”

बाई खळखळून हसली. स्वतःच्या विनोदाचे त्याला आश्चर्य वाटले. असा विनोद सुचू शकणारा माणूस आत कुठेतरी बसून होता तर. तिसरी एक तिपाई होती. उंच, पाय दुमडणारे, वर सायकलीची सीटखालची दांडी पकडणारा चिमटा. चौथा तसाच, पण लोखंडी, दुकानांत वापरतात तो, आणि त्याची किंमत ऐकून त्याने त्याच्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. तिपाईपाशी मात्र तो थांबला. चिमट्याचा पेच आवळला, दोन्ही हातांनी तो खाली ओढला, मग अंगाचा सगळा भार त्यावर टाकून पाय क्षणभर जमिनीवरून उचलले. तिपाई किंचित करकरली आणि स्थिर राहिली.

“अहो दादा, स्टँड घेताय की जावई निवडताय?”

“सायकल वजनदार आहे. जुनी.”

“मग हाच घ्या. आत्तापर्यंत कसं करत होतात? उलटी ठेवून?”

“हो... सीटवर आणि हँडलवर. सगळेच तसं करतात.”

“करतात ना! पंक्चर काढायला चालतं. पण ब्रेकला उलटी सायकल म्हणजे घात.” तिने पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि आपल्या आवडीचा विषय निघाल्यासारखी ती सरसावून बसली. “हँडल जमिनीवर टेकलं की लिव्हरजवळची नळी वाकते. टोकाची टोपी खोबणीतून उचकटते आणि काठावर अडकून बसते. दिसत नाही हं डोळ्यांना. माणूस बिचारा तशीच केबल आवळतो, सायकल सरळ करतो, खूश होतो.”

त्याच्या खिशातली टोपी जड झाली. अगदी खरोखर जड. त्याच्या बोटांना भाराची सवय होती, त्यांना कळले.

“सरळ केल्यावर कळत नाही?” हा आवाज आपला आहे हे त्याला ऐकल्यावर समजले. “दाबून पाहिलं तर?”

“हलकं दाबलंत तर लागतो की! छान लागतो. पहिल्यांदा कुणी जीव खाऊन दाबला की मग टोपी टक्‌दिशी खोबणीत बसते, नळी आखूड पडते आणि केबल सैल. आणि जीव खाऊन माणूस ब्रेक कधी दाबतो? जेव्हा गरज असते तेव्हाच ना?” तिने चष्म्यावरून पाहिले. “काय झालं? बसा जरा. पाणी देऊ?”

“नको. हाच द्या. तिपाई.”

दोन बोटांनी. उंबऱ्याशी सायकल सरळ उभी करून त्याने ब्रेक दोन बोटांनी दाबला होता, रेडिओचे बटण दाबावे तसा, आणि आत हाक दिली होती — “झाली गं तुझी गाडी! आता खुशाल जा.” ही त्याची तांबडी चिठ्ठी. भार न ठेवता डकवलेली... सहा आठवडे त्याला नुसता संशय होता आणि संशयाला एक पळवाट असते. कदाचित केबल ताणली गेली असेल, कदाचित धक्क्याने सैल झाली असेल, कदाचित, कदाचित. त्या काळ्या हातांच्या बाईने, काडीचाही राग मनात न धरता, ती वाट लिंपून टाकली. आणि नवल हे की तिपाई खांद्यावर घेऊन भर दुपारच्या रस्त्याने चालताना त्याला गुदमरल्यासारखे झाले नाही. उलट, भीती एका जागी येऊन बसली होती. इतके दिवस ती घरभर हिंडत असे.

खोलीत टेबल भिंतीला सारून त्याने तिपाई उभी केली, सायकल उचलून चिमट्यात धरली. दोन्ही चाके अधांतरी, हँडल मोकळे, त्याच्या छातीच्या उंचीला. किती सोपे होते हे. पाठ न वाकवता, डोळ्यांसमोर. त्याने केबलचा पेच सैल केला, नवी टोपी काढली आणि खिशातली जुनी बाहेर घेतली. चेपलेली कड लिव्हरच्या खोबणीच्या काठावर बरोबर बसली, जणू तिची वाट तिला तोंडपाठ होती. मग त्याने केबल ओढून पेच आवळला. आज काय करीत आहोत हे त्याच्या हातांना माहीत होते.

दारात चपला वाजल्या. चाळीस मिनिटे चालून आलेली ती पदराने मान पुसत आत आली आणि जागच्या जागी थबकली.

“अगं बाई! हे काय टांगलंय?”

“स्टँड आणला.”

“स्टँड? सायकल चाललीय उद्या सासरी, आणि तुम्ही आज तिला पाळणा आणलात?” ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसणे अर्ध्यावर राहिले. “अहो... काय झालं? कारखान्यात काही?”

“इकडे ये. ब्रेक दाबून बघ.”

“मी बघून काय करू? माहितीये मला, ब्रेक चांगला आहे.”

“बघ ना. माझ्यासाठी.”

तिने पिशवी खाली ठेवली. ती जवळ आली, तिच्या केसांत कापडाचे बारीक तंतू अडकले होते. वाक्य... ते घासलेले, पुसलेले वाक्य त्याने शोधले, आणि ते सापडेना. त्यात ‘कदाचित’ होते, ‘बहुधा’ होते, ‘आपण दोघांनीही’ असेही काहीसे होते. आता त्यातला एकही शब्द उभा राहीना.

“कुठल्या हातानं?”

“उजव्या. आधी दोन बोटांनी. हलकंच.”

तिने दाबला. रबर चाकाला चिकटले. “लागतोय की,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पुन्हा तीच थकलेली शरणागती आली. “मी सांगत नव्हते? माझंच...”

“थांब. अजून झालं नाही. त्या दिवशी सकाळी मी एवढंच करून पाहिलं होतं. दोन बोटांनी. तू आतून निघायच्या आधी.”

ती त्याच्याकडे पाहू लागली. कापडाचा पदर सरळ आहे की तिरका हे पाहताना तिची नजर जशी होई, तशी. कित्येक दिवसांत ती नजर त्याने पाहिली नव्हती.

“आता उतारावर दाबला होतास तसा दाब. चारी बोटांनी. सगळ्या ताकदीनं. मनगट दुखलं तर सोड.”

तिचे तिसरे, चौथे बोट लिव्हरवर आले. मनगटाजवळची शीर वर उचलली गेली. खालचा ओठ दाताखाली गेला. टोपी अजून काठावरच होती. तो हँडलजवळ कान नेऊन उभा होता, आणि ज्या सत्यापासून तो सहा आठवडे पळत होता त्याचा तो लहानसा ‘टक्‌’ आवाज आपल्याला आता ऐकायचाच आहे, तिच्या हातून, तिच्या समोर, हे जाणवून त्याने श्वास रोखला.