मामांनी घासलेल्या खुंट्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. अंगावर नऊ भोकं आणि पदरी नऊ खुंट्या, एवढाच माझा संसार.

मी नसांच्या दवाखान्यात कामाला होते. तिथलं दुखणं म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार. शरीराची राखण करणारी फौजच नसांवर उलटते आणि बोटं ऐकेनाशी होतात. अशा बोटांनी खुंट्या भोकांत बसवायच्या आणि तपासणाऱ्या ताईंनी सेकंद मोजायचे. सेकंद जितके कमी, तितका हात बरा.

एकदा तिथे संशोधन सुरू झालं. जंतांवरचं एक जुनं औषध या नसांना उपयोगी पडतं का, ते पाहायचं होतं.

"जंत पोटात आणि औषध हाताला?" शिवणकाम करणाऱ्या काकू हसल्या, पण नाव नोंदवून गेल्या. निम्म्यांना खरी गोळी मिळणार होती, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

चौथ्या महिन्यात काकूंचे चाळीस सेकंद एकदम तिसावर आले. त्यांचे डोळे भरून आले. "ताई, आता या दुखण्याचं ते नेहमीचं इंजेक्शन बंदच करते," असं म्हणून त्या घरी गेल्या. मीही फुशारून गेले.

त्या आठवड्यात जो आला, तो सुधारला. डॉक्टर हरखले. ताई मात्र वही चाळत बसल्या.

"सगळेच कसे सुधारतील? निम्म्यांच्या गोळीत तर औषधच नाही."

त्यांनी एक खुंटी भोकात घातली. ती डुगडुगली.

सफाई करणारे मामा दारातच थबकले. "कुसळं टोचायची हो बिचाऱ्यांना. म्हणून मीच पॉलिश पेपरने घासल्या. काही चुकलं का?"

घासून बारीक झालेल्या खुंट्या भोकांत पटकन बसत होत्या, हात मात्र होते तसेच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांवर कोणी रागावलं नाही. ताईंनी आधी काकूंना फोन लावला, कारण इंजेक्शनची तारीख उद्याचीच होती.

"बंद करू नका, काकू. चूक आमच्या पाटीची आहे. उद्या नव्या पाटीवर पुन्हा पाहू."

काकू म्हणाल्या, "बरं झालं, वेळेत सांगितलंत. येते उद्या."

नव्या पाटीवर त्यांना पुन्हा चाळीस सेकंद लागले. इंजेक्शन घेऊन त्या स्वतःच्या पायांनी घरी गेल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्या औषधाचा निकाल अजून लागायचा आहे. मी आता कपाटात असते आणि सुखात आहे. मित्रांनो, आम्हा साधनांची काळजी जरूर घ्या. काय केलंत ते मात्र वहीत लिहून ठेवा, मायेने केलं असलं तरी.