तुतीचा पाला

सना शहरातल्या विद्यापीठात परीक्षा जवळ आली की पुस्तकांआधी गातचा पाला संपतो. दुपारी जेवून एका गालात ही नशेची पानं दाबली की पोरं संध्याकाळपर्यंत अभ्यासाला बसतात. निदान घरी तरी तसं सांगतात. नश्वान तर गालफुगव्यांचा शिरोमणी. पण वैद्यकीला असलेल्या अर्वाने त्याला बजावलं, "एक तर पाला, नाही तर मी. आणि फसवू नकोस, मला कळेल." त्या दिवसापासून गड्याने पाल्याचं नाव टाकलं.

पंचाईत पुढेच होती. अर्वाच्या वडिलांनी, हिजामकाकांनी, जावई पारखायला त्याला बोलावलं ते नेमकं पाला चघळायच्या बैठकीला. "जो माझ्याबरोबर गाल फुगवत नाही, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं," असं ते चारचौघांत सांगत.

इकडे आड, तिकडे विहीर. पण बैठकीला ज्याने त्याने आपापला पाला आणायचा असतो. नश्वानने पिशवीत तुतीची कोवळी पानं भरली.

बैठक रंगली. काकांनी जगातल्या सगळ्या राजांना अक्कल शिकवली. नश्वान तुरट तोंडाने माना डोलावत राहिला. काका खूश! "पोरगा समंजस आहे," ते शेजाऱ्याला म्हणाले.

ऊन उतरलं तेव्हा आतून अर्वाने मधात भिजलेल्या गरम पोळीचं ताट धाडलं.

"आत्ता कोण खाणार? वेडी का काय ही पोरगी!" काका म्हणाले.

खरंच होतं. पाला चघळला की भूक मरते, घास घशाखाली उतरत नाही. नश्वान मात्र धास्तीने सकाळपासून उपाशी होता. त्याने एक तुकडा मोडला, मग दुसरा. ताट अर्धं झालं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की सगळे त्याच्याकडेच बघतायत.

काकांनी त्याची पिशवी ओढली, एक पान चावलं आणि थुंकलं. "तुती? माझ्या घरात मलाच टोपी घालतोस?"

नश्वानने हातातला तुकडा ताटात ठेवला. आता अर्वा हातची गेलीच. "काका, पाला सोडला तरच लग्न, असं ती म्हणाली. मी सोडला. पण तुम्हालाही दुखवायचं नव्हतं हो."

काकांचं चघळणं थांबलं.

"हिच्या आईनेही मला हीच अट घातली होती," ते हळूच म्हणाले. "मी हो म्हणालो होतो."

दाराआडून काकूंचा आवाज आला, "अगंबाई! आठवतंय म्हणजे!"

सगळे खो खो हसत सुटले. काकांनी ओशाळून ताट नश्वानपुढे सरकवलं.

"खा पोरा, संपव सगळं. एका जावयाने तरी शब्द पाळला."