नेलनं आणलेलं पाखरू

डॉ. मेधा रक्ताला भीत नव्हती. आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ती भूलतज्ज्ञ होती. उघडी पोटं आणि मोडलेली हाडं रोजचीच. पण मेलेलं पाखरू हातात घ्यायचं म्हटलं की बाईंच्या अंगावर काटा! तिचा नवरा विक्रांत यावर पोट धरून हसला होता. त्याला हसायला काय जातंय? तो सोमवार ते शुक्रवार तिकडे डब्लिनला, सिटीवेस्टच्या ऑफिसात. डोनेगलच्या ओल्या, लांबलचक संध्याकाळी काढायच्या होत्या मेधाला, आणि त्याही एकटीनं.

त्यातून तिला वाचवलं शेजारच्या कॉनलच्या नेलनं. नेल चार वर्षांची काळी लॅब्रडॉर. शिकारीत पडलेलं पाखरू शोधायचं, तोंडात अलगद धरायचं आणि आणून हातात द्यायचं, हे तिचं काम. बंदुका दुसऱ्यांच्या. सत्तरीच्या कॉनलच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यानं विचारलं, "हिला फिरवशील का, डॉक्टर?" वसंतात फिरवणं सुरू झालं आणि उन्हाळा सरेपर्यंत मेधा शिट्टी शिकली, हाताच्या खुणा शिकली, कापडी डमी लांब फेकून परत मागवायला शिकली. नेल डमी आणायची, समोर बसायची, मान वर करून द्यायची. मेधाला वाटलं, जमलं की आपलं! बसला हिचा विश्वास.

बसला कसला! नोव्हेंबरात हंगाम उघडला. गन क्लबच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा रानात गेली, तेव्हा नेलनं खराखुरा फेझंट, रानकोंबड्यासारखा पक्षी, आणला. तांबूस, लांब शेपटीचा, मान लोंबकळलेला. मेधाचा हात आपोआप मागे गेला. नेल थबकली आणि पुन्हा पुढे झाली. हात पुन्हा मागे. शेवटी नेलनं ते पाखरू चिखलात ठेवलं आणि शेपूट पाडून बाजूला उभी राहिली. चूक आपलीच, असं वाटलं बिचारीला. पुढच्या खेपेला ती दहा पावलं अलीकडेच थांबली. त्याच्या पुढच्या खेपेला पाखरू घेऊन नुसतीच गोल गोल फिरत राहिली.

"असंच चाललं तर ती पाखरं चावायला लागेल," कॉनल म्हणाला. "कुणी घेतच नाही म्हटल्यावर तिनं तरी काय करायचं? मग गेलीच ती कामातून. मला आता झेपत नाही, आणि कामाशिवाय ती झुरेल. स्लायगोचा एक जण मागतोय तिला. माणूस चांगला आहे. शनिवारी बघू, डॉक्टर. तू पाखरू हातात घेतलंस तर नेल तुझी. नाहीतर त्याची."

विक्रांतनं फोनवरून उपाय सुचवला. "अगं, ग्लोव्ह्ज घाल ना! सिंपल आहे यार." तिला तो पटलाही. गुरुवारी तिनं कॉनलच्या फ्रीजरमधलं एक पाखरू सरावाला घेतलं, निळे हातमोजे चढवले आणि नेलला पाठवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! नेलनं त्या रबरी हातांचा वास घेतला आणि पाखरासकट तोंड फिरवलं.

शुक्रवारी हॉस्पिटलात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एक म्हातारी आली. भूल द्यायच्या आधी ती ना यंत्राकडे बघत होती, ना सुईकडे. ती एकटक मेधाच्या डोळ्यांकडे बघत होती. "सगळं ग्रँड होईल ना?" ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत ठीकठाक. मेधानं शांतपणे मान डोलावली, तशी म्हातारीनं डोळे मिटले. मेधा मात्र चरकली. नेलही असंच बघते. पाखरू देताना ती हाताकडे बघतच नाही, आपल्या तोंडाकडे बघते. आणि तिथे तिला काय दिसतं? किळस.

मग तिला स्वतःची लाज वाटली. सात महिने ती नेलकडे मागत आली होती: बस, थांब, ये, दे. नेलनं मागितलं एकच: घे. तेवढ्यालाच बाईंनी नाक मुरडलं.

शनिवारी धुकं होतं. एक फेझंट पंखाला गोळी लागून ओढ्यापलीकडे पडला आणि लव्हाळ्यात पळाला. मेधानं नेलला सोडलं. पाखरू डावीकडे गेलं असं तिला वाटत होतं. नेल मात्र नाक खाली घालून उजवीकडे वळली. मेधानं शिट्टी ओठांशी नेली आणि मग खाली केली. नाक तिचं, तिलाच ठाऊक.

पाच मिनिटं गेली, सात गेली. मग लव्हाळं हललं आणि नेल पाण्यातून वर आली. तोंडातल्या पाखराचे डोळे उघडे होते.

मेधा चिखलात गुडघ्यांवर बसली. तिनं हात पुढे केले आणि नजर नेलच्या डोळ्यांवर ठेवली. नेल दहा पावलांवर थांबली. मग पाच. मग अगदी पुढ्यात आली.

"दे."

नेलनं दिलं. ऊन, ओलं, जिवंत वजन. बोटांखाली इवलंसं काळीज धडधडत होतं. एवढं लांबून आणलं, पण दाताची एक खूण नाही. मेधाची किळस गेली नव्हती. पण त्या क्षणी तिला त्याहून मोठं काहीतरी वाटलं, आणि ते नेलबद्दल होतं. "शाब्बास गं माझी बाय!" ती रडत म्हणाली. नेलला मराठी येत नव्हतं. पण तिची शेपूट हलली.

कॉनल काठी टेकत आला. "पंख पार गेलाय. त्याचे हाल नकोत. दे इकडे, आणि बघू नकोस."

हाड जुळवता येईल का, असं क्षणभर मनात आलंच; शेवटी डॉक्टर ती. तिनं पाखरू दिलं. नेल अजून तिच्याचकडे बघत होती, म्हणून तिनं तोंड फिरवलं नाही. कॉनलनं एका झटक्यात काम संपवलं.

"स्लायगोला फोन करून नाही म्हणून सांगतो," कॉनल म्हणाला.

नेल आपली झाली. आता जानेवारी संपेपर्यंत दर शनिवारी हे असंच. तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

पलीकडे पुन्हा बार झाला. नेल तिच्या पायाला टेकली, थरथरली आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे बघू लागली. मेधाच्या तळहातांना अजून त्या पाखराची ऊब होती. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"जा, नेल," ती म्हणाली. "आण."