दहा खोल्यांच्या कपाटाचा परतावा

दिनांक ११ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कुमुदिनीबाई पोतनीस नऊ साड्या घेऊन नव्या कपाटात शिरल्या आणि नऊ खोल्या ओलांडून दहाव्या खोलीत जाऊन बसल्या.

कपाट तीन फुटी असल्याचे जाहिरातीत नमूद होते. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या निळकंठरावांनी टेप लावून पाहिली. बाहेरून तीन फूट बरोबर भरले. आत टेप संपली.

"अहो, इथे खिडकी आहे!" बाई आतून ओरडल्या. "नदी दिसते!"

"वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. परत करावी लागेल. तू बाहेर ये."

"कपाट करा परत. मी नाही येत."

सायंकाळी निळकंठरावांनी चहा केला, परंतु साखर काही सापडली नाही. बिनसाखरेचा पेला हातात धरून त्यांनी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन लावला.

"पैसे कसे भरले होते, सर?" पलीकडील मुलीने विचारले.

"साठ टक्के क्रेडिट कार्डाने, तीस टक्के यूपीआयने, दहा टक्के तुमच्याच वॉलेटमधून. भार तीन खांबांवर विभागलेला बरा."

"मग परतावाही तसाच येईल, सर. खोल्याही त्याच प्रमाणात परत घेऊ."

"आत माझी पत्नी आहे."

"आतलं सामान तुमच्या जबाबदारीवर, सर."

कार्डाच्या बाबतीत बँकेनेच दुकानाला जाब विचारला. आठव्या दिवशी पैसे जमा झाले आणि आतल्या सहा खोल्या छत्रीसारख्या मिटल्या. बाई साड्या, खुर्ची आणि खिडकी उचलून चौथ्या खोलीत आल्या.

"अहो, जरा दमानं! नदी सांडली असती!"

निळकंठरावांना हुरूप आला. यूपीआयचे काम मात्र अवघड होते. पिन त्यांनी स्वतःच टाकला होता. दुकानाने पाठवल्याखेरीज ते पैसे परत येणार नव्हते. त्यांनी रोज एक तक्रार केली. अखेर दुकान कंटाळले. पैसे आले, तीन खोल्या मिटल्या. आता बांगड्यांची किणकिण बाहेरही ऐकू येऊ लागली.

उरली वॉलेटची एक खोली.

"ते पैसे वॉलेटमध्येच येतील, सर," फोनवरची मुलगी म्हणाली. "त्यातून आमच्याकडचीच वस्तू घ्यावी लागेल."

"दहा टक्क्यांत काय येतं?"

"एक खोली बसते, सर."

"कोणती?"

"हीच, सर."

निळकंठराव मोठ्याने हसले. आतूनही हसू आले.

"झालं का मोजून?" बाई म्हणाल्या. "टेप ठेवा बाहेर. साखर माझ्याकडे आहे."

त्यांनी टेप आणि मोबाइल स्टुलावर ठेवले, चपला काढल्या आणि ते आत गेले. कपाटाचे दार आपोआप लागले. फटीतून थोडे पाणी बाहेर आले.

स्टुलावरचा मोबाइल वाजला. एकूण परतावा : नव्वद टक्के.