मी कापलेल्या अर्ध्या गोळ्या

मी गोळ्या कापायची डबी. नमस्कार करायला मला हात नाहीत. जे काही आहे ते एक पातं, आणि तेही झाकणाच्या आत, कुणाला लागू नये म्हणून. दिसायला मी साधीच. निळं प्लास्टिक, आत गोळी नीट बसावी म्हणून एक खाच आणि मागे उरलेला तुकडा ठेवायला एक कप्पा.

कारखान्यात एका बाईनं माझ्यात खडूचा तुकडा ठेवून झाकण दाबलं. दोन तुकडे अगदी सारखे पडले. तिनं मान डोलवून मला खोक्यात टाकलं, आणि तेव्हापासून मला माझ्या सरळ कापण्याचा गर्व आहे. एवढ्याशा डबीला थोडा गर्व चालतो असं मला वाटायचं.

औषधाच्या दुकानातून मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घेतलं. त्यांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनीच अर्धी करायला सांगितली होती, चिठ्ठीवर तसं लिहूनच दिलं होतं. रोज सकाळी चष्मा कपाळावर सारून ते मला दोन्ही अंगठ्यांनी दाबत. ‘कट्’ आवाज झाला की म्हणत, “चला, आजचं झालं.” ते गेले तेव्हा उद्याची अर्धी माझ्या कप्प्यात होती. ती टाकायला कुणाचा हात धजावला नाही. मला तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली, दोऱ्याची रिळं आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी.

त्या ड्रॉवरमधून मला बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेनं.

ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर ही मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते, तापलेल्या सुरीनं हिरड्यांना आकार देते. कोणाचा पुढचा दात जरा वाकडा होता, हे जुन्या फोटोत बघून तो तसाच वाकडा बसवणारी ही एकटीच, असं तिची मालकीण सांगते. दोन वर्षांपूर्वी तिला आठ दिवस झोप आली नाही. त्या आठ दिवसांत तिनं कोणी न मागितलेल्या चाळीस कवळ्या केल्या आणि खिडकीत ओळीनं मांडून ठेवल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून ती एकेक देऊ लागली. मग दवाखाना, मग औषधं. हळूहळू ती सावरली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रोजच्या एका गोळीऐवजी दोन केल्या.

तिचा नवरा बस डेपोत वेळापत्रकं आखतो. माणूस सरळ, जीव लावणारा. पण त्या आठ दिवसांनी त्याच्याही मनात भीती घर करून बसली आहे. ती मोठ्यानं हसली की हा हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतो. ती जोरात बोलली, नवी साडी आणली, भिंतीला रंग द्यायचं म्हणाली, की हा विचारणार, “गोळी घेतलीस ना?” संध्याकाळी आठच्या ठोक्याला पाण्याचा पेला तिच्याजवळ आणून ठेवणार. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट उघडून रिकामी घरं बघणार. तिला राग येत नसे. आपल्याच घरात आपल्यावर पाळत आहे, ह्याचं वाईट मात्र वाटायचं.

आणि अशात तिचा हात थरथरायला लागला. मेणात दात बसवताना सुरी एक केसभर सरकायची. तहान तर इतकी की कामाच्या टेबलावर दोन बाटल्या. जीभ जड. मालकीण एकदा जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “थोडे दिवस तू प्लास्टर बघ. दातांचं दुसरी करेल.” प्लास्टर कालवणं म्हणजे नवशिक्याचं काम. तिनं सुरी पुसून ठेवली.

एका दुपारी घरी कोणी नसताना ती ड्रॉवर उपसत बसली. मी हाताला लागले. तिनं सासऱ्यांची जुनी अर्धी गोळी बोटांवर घेतली, बराच वेळ बघितली आणि टाकून दिली.

आता तिच्या धंद्याची एक रीत सांगते, म्हणजे ती असं का वागली ते कळेल. नवी कवळी घेऊन गेलेलं माणूस दोन दिवसांनी परत येतं, म्हणतं टोचतेय. त्यावर तिथं चर्चा होत नाही. जिथं टोचतं तिथं थोडं घासायचं, घालून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. वीस वर्षं तिनं हेच केलं होतं. तिनं औषधालाही तेच लावलं.

“जास्त होतंय मला हे,” ती माझ्याशीच बोलली. “ह्यांना सांगितलं तर म्हणतील, गोळी नको म्हणायला लागलीस म्हणजे पुन्हा सुरू झालं.”

मी दोन्ही गोळ्या कापल्या. सरळ, सारख्या. अर्धे तुकडे तिनं घेतले, अर्धे कागदात गुंडाळून कामावर जाताना कचऱ्यात टाकले. पाकिटातली घरं वेळच्या वेळी रिकामी होत राहिली. नवऱ्यानं बघितलं, त्याचं समाधान झालं.

काही दिवसांत तिचा हात स्थिर झाला. मालकिणीनं तिला पुन्हा दातांवर बसवलं. ती घरी आली ती गुणगुणत, आणि खरं सांगते, मीही फुशारले. मला वाटलं, बाईचं बरोबरच होतं. कदाचित होतंही. दोन गोळ्या तिला खरंच जास्त असतील. पण ते ठरवायला रक्त तपासावं लागतं, विचारावं लागतं. तिनं ते माझ्यावर सोपवलं, आणि मला खाचेत ठेवलेलं कापण्याखेरीज काही कळत नाही.

पाचव्या आठवड्यात ती पहाटे चारला उठायला लागली. सहा वाजेपर्यंत कपाटं आवरून झालेली असायची. हिरड्यांचा नवा रंग सुचला म्हणून ती मालकिणीला एका दिवसात अकरा वेळा फोन करून सांगत होती.  अर्धीच्या जागी ती आता पाव करू लागली होती.

नवरा घाबरला. नेहमीची रक्ततपासणी जवळ आलीच होती, ती त्यानं लवकर करून घेतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी तिनं मला पर्समध्ये टाकलं. सांगायचंच, असं ठरवून. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिचा हात दोनदा पर्समध्ये आला, माझ्यापर्यंत पोचला, परत गेला.

आत डॉक्टर कागद बघून म्हणाले, “रक्तात औषध बरंच कमी दिसतंय. गोळ्या चुकताहेत का?”

“छे हो,” नवरा म्हणाला. “मी स्वतः पाकीट बघतो. एक दिवस चुकलेला नाही.” तो इतक्या अभिमानानं बोलला की तिला त्याला खोटं पाडवेना.

“मग शरीराला पुरत नसणार. तीन करू,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी लिहून दिलं.

संध्याकाळी आठ वाजता तीन गोळ्या बशीत आल्या. “आजपासून माझ्यासमोर घ्यायच्या,” नवरा म्हणाला. “रागावू नकोस. मला भीती वाटते गं.” मग चिठ्ठी पुन्हा एकदा बघावी म्हणून त्यानं तिची पर्स उघडली.

“अगं, ही बाबांची डबी. तुझ्याकडे कशी?”

“असंच. आठवण म्हणून.”

त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझं झाकण उघडलं. खाचेत पांढरी भुकटी साचली होती. “बघ, बाबांच्या गोळीची पूड अजून आहे हिच्यात,” तो म्हणाला, आणि मायेनं मला नळाखाली धरलं. सहा आठवड्यांचं सगळं पाण्याबरोबर चाललं होतं. ह्या घरात दुसरा पुरावा नव्हता. तिच्या एका हातात पेला होता, दुसऱ्यात बशी.

“अहो, ती पूड बाबांची नाही,” ती म्हणाली. “माझ्या गोळ्यांची आहे. सहा आठवडे मी अर्ध्याच घेतेय. आता तर पावच.”

त्यानं नळ बंद केला. तो तिच्याकडे बघत राहिला, ती मोठ्यानं हसल्यावर बघतो तसा.

“हे तू बोलतेयस की…”

“मीच बोलतेय. दोन गोळ्यांनी हात थरथरत होता, विचारायला घाबरले. आता तर झोपही उडालीय, ते मलाही कळतंय. पण ह्या तीन देऊ नका, मी पूर्ण दोन घेते असं धरून डॉक्टरांनी त्या लिहिल्यात. आधी डॉक्टरांना फोन करा. सगळं सांगा त्यांना.”

ह्याला आता पाच मिनिटं झाली असतील. मी ओट्यावर ओली पडले आहे. तीन गोळ्या बशीत आहेत. फोन त्याच्या हातात आहे, पण त्यानं नंबर लावलेला नाही. बायको खरं बोलतेय की आजार बोलतोय, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधतोय. ती पेला धरून वाट बघतेय.

लाव रे बाबा तो फोन. ती खरं बोलतेय. सहा आठवडे तिचं सगळं ऐकणारी मी एकटीच होते, आणि दर वेळी मी फक्त कापून दिलं.