पडलं कोण?

वडवणीची वनमाला बीडला जपानी शिकायला जायची. जपानात म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला माणसं हवीत, भाषेची परीक्षा आणि मुलाखत पास झालं की काम मिळतं, असं कळल्यावर नवऱ्यानेच, भारतने, तिचं नाव घातलं होतं. सासू सुंदरबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, वारल्यापासून ती घरात दिवसभर गप्प असायची, हेही एक कारण.

क्लासचे प्रविण सर त्या आठवड्यात क्रिया जोडायला शिकवत होते.

"आपण उठून, चहा पिऊन, बाजारात जाऊन आलो म्हणतो, तसंच. ओकिते, नोन्दे, इत्ते. प्रत्येक क्रियापदाला 'ते' नाहीतर 'दे' लावत पुढं जायचं. काळ फक्त शेवटच्याला."

वनमालाला हे सोपं गेलं. एसटीत बसल्या बसल्या ती मनात जोडत राही: भाकरी करून, भांडी घासून, कुलूप लावून.

मुलाखत क्लासच्याच लॅपटॉपवर झाली. पलीकडे वृद्धाश्रमाच्या मोरिताबाई होत्या, हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "या कामाकडे कशा वळलात?"

वनमालाला सांगायचं होतं की सासू मोरीत घसरून पडली, मी तिला उठवलं, औषध दिलं, दवाखान्यात नेलं. तिने एका दमात सगळं जोडलं, त्यात 'सासू' हा शब्दच राहिला. जपानीत कर्ता सांगितला नाही की ऐकणारा बोलणाऱ्यालाच कर्ता धरतो. त्यात घाईत 'उठवून'च्या जागी 'उठून' आलं, 'देऊन'च्या जागी 'घेऊन'. मोरिताबाईंना ऐकू आलं ते असं: मी पडून, उठून, औषध घेऊन दवाखान्यात गेले.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "आता बरं आहे ना?"

"नाही," वनमाला म्हणाली. "मृत्यू झाला."

मोरिताबाईंनी समोरचा अर्ज पुन्हा पाहिला. वनमालाच्या मागे उभे असलेले प्रविण सर जमिनीकडे बघू लागले.

"पडलं कोण?" मोरिताबाईंनी विचारलं.

वनमालाला चूक कळली. तिने जोडणं सोडून दिलं.

"सासू पडली. मी उठवलं. औषध मी दिलं. नंतर सासूला उठता येत नव्हतं. मी अंघोळ घातली. मी भरवलं. पावसाळाभर. मग सासू वारली."

घरात सगळे म्हणत, म्हातारी पडली आणि गेली. मधला पावसाळा कोणी बोलून दाखवत नसे. तिनेही आजवर कुणाजवळ इतकं सांगितलं नव्हतं. मोरिताबाईंनी मान लववली आणि पुढचा प्रश्न विचारला.

बीडच्या स्टँडवर भारतचा फोन आला.

"काय इचारलं?"

"आत्याबाईंचं सांगितलं."

"आईचं? का म्हून?"

"मी त्यांचं काय काय केलं, ते."

पलीकडे भारतने ट्रॅक्टर बंद केला.

"लई केलंस तू," भारत म्हणाला. "आमी बोललो न्हाई कधी."

"गाडी लागली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचं कळलं. व्हिसाला वेळ लागणार होता. तोवर भारत स्वयंपाक शिकायला बसला. पहिल्या भाकऱ्या त्याने कुणाला न सांगता म्हशीपुढे टाकल्या.